भाचीच्या लिव्हरमधली गाठ : ‘किती टक्के?’ याचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वीस महिन्यांची भाची. आंघोळ घालताना आजीच्या हाताला पोटाच्या उजव्या बाजूला काहीतरी कडक लागलं. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये नऊ सेंटिमीटरची गाठ निघाली, रक्तात एएफपी (लिव्हरच्या अशा गाठीत वाढणारं एक प्रथिन) ३ लाख ४० हजार आलं, आणि डॉक्टरांनी ‘हेपॅटोब्लास्टोमा (लहान मुलांचा लिव्हरचा कॅन्सर) वाटतोय, मुंबईला न्या’ म्हणून चिठ्ठी दिली. तुम्ही एका ठिकाणी ८० टक्के वाचलं, दुसऱ्या ठिकाणी ३०, आणि नात्यातल्या कुणीतरी ‘असली पोरं वाचत नाहीत’ असं तोंडावर सांगितलं. तुम्हाला खरा आकडा हवाय. शिवाय गाठ दिसतेय तर आधी कापून का काढत नाहीत, सुई लावली की पसरते हे खरं का, आणि तुमची बहीण विचारतेय की माझं काय चुकलं.

मी सोलापुरात सव्वीस वर्षं लहान मुलांची प्रॅक्टिस करतोय. कॅन्सरतज्ज्ञ नाही. अशी मुलं ओळखून मुंबई-पुण्याला पाठवणं, आणि दोन केमोंच्या मधले दिवस ती इथे घरी असतात तेव्हा त्यांना सांभाळणं, हे माझं काम. हा आजार दहा लाख मुलांमागे वर्षाला एखाद-दुसऱ्यालाच होतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख होती, त्यातली मुलं धरली तर अख्ख्या जिल्ह्यात वर्षाला एक-दोन नवे पेशंट. मी आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेत, पण त्यांतल्या प्रत्येकाचं घर मला आजही पाठ आहे.

आधी ८० आणि ३० चा घोळ सोडवू. दोन्ही आकडे खरे आहेत, पण एकाच आजाराचे नाहीत. मुलांमध्ये लिव्हरचे कॅन्सर मुख्यतः दोन. पहिला हेपॅटोब्लास्टोमा, जो बहुतेक तीन वर्षांच्या आत दिसतो आणि केमोला चांगला वितळतो. दुसरा हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे मोठ्या माणसांना होतो तोच. तो सहसा दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांत, कधी हिपॅटायटिस बी किंवा आधीपासून खराब असलेल्या लिव्हरवर येतो, केमोला फारशी दाद देत नाही, आणि त्यात वाचणारी मुलं शंभरात तीसेकच. शिवाय १९७० च्या आसपास, लिव्हरच्या गाठीला चालणारी केमो हाती येण्याआधी, हेपॅटोब्लास्टोमातही जेमतेम तीस टक्केच मुलं वाचत. नातेवाइकांनी जे ऐकलंय ते बहुधा त्या काळातलं असावं. तुमच्या भाचीचं वय आणि एएफपी दोन्ही पहिल्या आजाराकडे बोट दाखवतात. शिक्का मात्र बायोप्सीच, म्हणजे गाठीचा सुईने काढलेला तुकडा तपासूनच, बसेल.

आता हेपॅटोब्लास्टोमाचे टक्के. युरोपातल्या डॉक्टरांच्या सिओपेल नावाच्या गटाने २५५ मुलांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये छापून आला. ही सगळी मुलं कमी धोक्याच्या गटातली होती : गाठ लिव्हरच्या चारपैकी जास्तीत जास्त तीन भागांत, फुफ्फुसं स्वच्छ, एएफपी शंभरच्या वर. अर्ध्या मुलांना केमोचं फक्त एक औषध, सिस्प्लॅटिन, दिलं, उरलेल्यांना त्याबरोबर डॉक्सोरुबिसिन हे दुसरं. तीन वर्षांनंतर सिस्प्लॅटिनवाल्या गटात ९५ टक्के आणि दोन औषधांच्या गटात ९३ टक्के मुलं जिवंत होती. म्हणजे एका औषधावर भागत होतं. सिओपेलनेच मग जास्त धोक्याची मुलं घेतली, म्हणजे फुफ्फुसात गाठी गेलेली किंवा लिव्हरचे चारही भाग व्यापलेली. त्यांना जास्त जोराची केमो दिली, तर तीन वर्षांनंतर ८३ टक्के जिवंत होती. फुफ्फुसात गेलंय हे ऐकून आशा सोडलेले बाप मी पाहिलेत. त्यांना मी हा दुसरा आकडा सांगतो.

पण हे आकडे जसेच्या तसे घरी नेऊ नका. अभ्यासातली मुलं वेळेत पोचली होती, खाऊनपिऊन बरी होती, आणि त्यांचे उपचार मध्येच सुटणार नाहीत याकडे कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघत होतं. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी आपल्याला कराव्या लागतात. भाचीची शक्यता किती हे आज कुणी एका आकड्यात सांगितलं, तर तो माणूस अंदाज करतोय असं समजा. अजून निम्मी माहिती यायची आहे.

ती कुठली, ते सांगतो. मुंबईला पोटाचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय होईल, छातीचा सीटी होईल. लिव्हरचे चार भाग कल्पून गाठीने त्यातले किती धरलेत यावरून ‘प्रीटेक्स्ट’ एक ते चार असा आकडा लिहितात. तो फाईलमध्ये शोधा. एक-दोन असेल तर सर्जनचं काम सोपं. चार म्हणजे लिव्हरचा कुठलाच भाग मोकळा नाही. त्याशिवाय ते चार गोष्टी पाहतात : मुख्य रक्तवाहिन्यांना गाठ चिकटलीय का, एकच गाठ आहे की अनेक, गाठ आत फुटलीय का, आणि फुफ्फुसात काही आहे का. नऊ सेंटिमीटर ऐकायला भयंकर वाटतं, पण कोपऱ्यातली नऊ सेंटिमीटरची गाठ मधोमध शिरेला चिकटलेल्या चार सेंटिमीटरच्या गाठीपेक्षा बरी.

एएफपीचं तर उलटंच आहे. ३ लाख ४० हजार पाहून तुमचं धाबं दणाणलं असेल. खरं तर या आजारात एएफपी शंभरच्या खाली असणं जास्त वाईट. एएफपी हे गर्भातल्या बाळाचं लिव्हर बनवतं ते प्रथिन. नवजात बाळात ते हजारोंनी असतं आणि साधारण पहिल्या वाढदिवसापर्यंत मोठ्या माणसांइतकं खाली येतं. गाठीतल्या पेशी पुन्हा बाळासारख्या वागू लागतात म्हणून ते वाढतं. भरपूर एएफपी म्हणजे त्या पेशी अजून लिव्हरच्या वळणावर आहेत, आणि अशा पेशी औषधाला ऐकतात. जाता जाता लॅबचं एक सांगतो. आकडा फारच मोठा असेल तर मशीन कधीकधी फसतं आणि भलताच कमी आकडा छापतं. काही लॅब नुसतं ‘हजारपेक्षा जास्त’ लिहून सोडतात. अशा वेळी नमुना पातळ करून पुन्हा मोजा असं सांगावं लागतं. तुमचा पूर्ण आकडा आलाय, तो रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपा. पुढचं सगळं त्याच्याशीच ताडून बघायचंय.

मी आईवडिलांना सांगतो, आकडा वाचू नका, शून्यं मोजा. ३ लाख ४० हजारांचे ३४ हजार झाले तर एक शून्य पडलं, ३,४०० झाले तर दोन. केमोच्या पहिल्या दोन-तीन सायकलमध्ये, म्हणजे फेऱ्यांमध्ये, निदान एक शून्य पडलं की मी सुटकेचा श्वास घेतो. गाठ पूर्ण निघाली की रक्तातलं एएफपी दर पाच-सात दिवसांनी निम्मं होत जातं. ऑपरेशननंतर उरलेलं लिव्हर वाढत असताना ते थोडं वर सरकू शकतं, तेवढ्याने घाबरायचं नाही. सलग वाढत गेलं तर मात्र आजार परत आल्याची शंका घ्यायची. तेव्हा ‘किती टक्के’ हा प्रश्न दोन सायकल झाल्यावर तिथल्या डॉक्टरांना पुन्हा विचारा. तेव्हाचं उत्तर आजच्यापेक्षा पुष्कळ भरवशाचं असेल.

आता ऑपरेशन आधी का नाही? गाठ लहान आणि कडेला असेल तर काही ठिकाणी आधीही करतात, ते सर्जनच्या नजरेवर आहे. पण मोठी गाठ मऊ असते, रक्ताने भरलेली असते. केमोने ती आक्रसते, तिची कड घट्ट होते, शिरांपासून सुटते, आणि फुफ्फुसात डोळ्यांना न दिसणारं काही गेलं असेल तर त्याचाही समाचार घेतला जातो. १९६७ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी माणसातलं पहिलं यशस्वी म्हणावं असं लिव्हर प्रत्यारोपण केलं, ते लिव्हरचा कॅन्सर असलेल्या एकोणीस महिन्यांच्या मुलीचं. नवं लिव्हर चाललं, मूल वर्षभराहून जास्त जगलं, पण कॅन्सर शरीरात इतरत्र उरला होता आणि तो परत आला. अख्खं लिव्हर बदलूनही जे जमलं नाही, ते आज आधी केमो आणि मग ऑपरेशन या क्रमाने जमतं. सिओपेलच्या पद्धतीत कमी धोक्याच्या मुलाला सिस्प्लॅटिन दर दोन आठवड्यांनी, चार वेळा ऑपरेशनआधी आणि दोन वेळा नंतर देतात. तुमच्याकडे वेळापत्रक वेगळं निघालं तर हा लेख दाखवून वाद घालू नका.

लिव्हर अर्ध्याहून जास्त काढलं तरी काही आठवड्यांत परत भरून येतं. केमोनंतरही गाठ काढता येणार नाही असं दिसलं तर प्रत्यारोपणाचं बोलणं निघेल. ते ऐकून ‘आता शेवटचं’ असं समजू नका. लहान मुलाला आईच्या किंवा वडिलांच्या लिव्हरचा डावीकडचा छोटा तुकडा पुरतो. कायद्याने आजी-आजोबाही देऊ शकतात, पण वय आणि तब्येत पाहून बहुधा आईवडिलांवरच येतं. जगभरच्या जुन्या अनुभवात, आधीपासून ठरवून केलेल्या प्रत्यारोपणानंतर सहा वर्षांनी ८२ टक्के मुलं जिवंत होती. अर्धवट ऑपरेशन करून, गाठ परत आल्यावर केलेल्या प्रत्यारोपणात फक्त ३० टक्के. म्हणून जिथे मुलांच्या लिव्हरची ऑपरेशनं नेहमी होतात तिथेच पहिली सुरी लागावी. सोलापुरात मोठ्यांची पोटाची ऑपरेशनं करणारे चांगले सर्जन आहेत. त्यांच्यातलेच दोघे माझे मित्र अशी केस आली की स्वतःहून हात जोडतात.

सुईचं भय मात्र मनातून काढा. बायोप्सीची सुई सोनोग्राफीवर बघत, शक्यतो पुढे काढून टाकायच्याच लिव्हरच्या भागातून आत नेतात. तिच्याने आजार पसरल्याचं क्वचित घडतं. निदान चुकून भलतीच केमो चालू होण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा.

खरा धोका हाताचा आहे. ‘गोळा सरकलाय’ म्हणून पोट चोळून घेऊ नका, तेल लावून मालीश नको, आणि दिसेल त्या पाहुण्याला गाठ दाबून बघायला देऊ नका. अशी गाठ आत फुटू शकते. मुलगी एकदम पांढरीफटक पडली, पोट ताठ झालं, तर तारखेची वाट न पाहता जवळच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या. सिव्हिलला रात्रीही रक्त मिळतं.

इथे माझं एक सांगायला हवं. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी पोट मोठं दिसतंय म्हणून चौदा महिन्यांचा मुलगा आणला होता. ओपीडी भरलेली, मूल रडत होतं, रडणाऱ्या पोटाला हात लावून काही कळत नाही. मी जंताचं औषध आणि टॉनिक लिहिलं. तीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा आईच्या खांद्यावर झोपलेला होता, आणि झोपलेल्या पोटाला हात लावल्यावर गाठ बेंबीपर्यंत लागली. तेव्हापासून पोट मोठं म्हणून मूल आलं की दूध पाजून झोपवा, मग बघतो, असं सांगतो. तुमच्या आजींनी आंघोळीत जे ओळखलं ते मी ओपीडीत चुकलो होतो.

बहिणीला सांगा, तिचं काहीही चुकलेलं नाही. गरोदरपणात काय खाल्लं, मुलीला काय भरवलं, याचा संबंध नाही. सोलापुरात हमखास येणारा प्रश्न म्हणजे शेंगाचटणी. शेंगदाण्याला बुरशी लागली तर अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि त्याने लिव्हरचा कॅन्सर होतो, हे बरोबर, पण तो मोठ्यांचा, वर्षानुवर्षं खाऊन, त्यातून हिपॅटायटिस बी असेल तर जास्त. वीस महिन्यांच्या मुलीच्या या गाठीशी चटणीचा काही संबंध नाही. खूप कमी वजनाची, दिवस न भरता जन्मलेली मुलं आणि काही जन्मजात आजार यांत हेपॅटोब्लास्टोमा जास्त दिसतो. घरात कुणाला तरुण वयात मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. एका जनुकाच्या आजारात दोन्ही गोष्टी एकाच घरात येतात.

आता सोलापुरात घालवायच्या दिवसांविषयी, कारण माझा खरा अनुभव तिथला. केमोनंतर आठ-दहा दिवसांनी काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, पडतात. थर्मामीटर घरात असलाच पाहिजे, हात लावून ताप बघायचा नाही, मे महिन्यात तर सोलापुरात भिंतसुद्धा तापलेली लागते. १००.४ फॅरेनहाइट आलं की पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्री दोन वाजता का होईना, निघायचं, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू झालं पाहिजे. गल्लीतल्या डॉक्टरांकडून तापाची सुई कमरेत मारून घेऊ नका, प्लेटलेट कमी असतील तर तिथेच रक्त साकळतं. गुदद्वारातून औषध किंवा थर्मामीटर नको. पल्स पोलिओचा थेंब तिला नको, आणि घरात दुसरं लहान मूल असेल तर त्याच्या लसींचंही विचारून घ्या. गड्ड्याची यात्रा, लग्नं, वाढदिवस यंदा तिच्याशिवाय होऊ देत. खायला घरचं ताजं, शिजवलेलं काहीही. भाकरी दुधात कुस्करून खात असेल तर उत्तम. पावडरचे महागडे डबे विकत आणून पैसे घालवू नका.

सिस्प्लॅटिन कानांवर आणि किडनीवर परिणाम करतं. वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, म्हणून आईला कळत नाही : मूल हाक मारल्यावर बघतं, पण ‘स’ आणि ‘श’ त्याला नीट ऐकू येत नाहीत आणि बोलणं मागे पडतं. दर एक-दोन सायकलनंतर कानांची तपासणी व्हायला हवी. २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिलेल्या मुलांत ऐकू कमी येण्याचं प्रमाण ६३ वरून ३३ टक्क्यांवर आलं. कमी धोक्याच्या मुलांत हे वापरता येतं, तुमच्याकडे चालेल का ते विचारा. माझा एक जुना पेशंट दोन्ही कानांत मशीन लावून नववीत जातो. तो माझ्याकडे आता फक्त सर्दीला येतो आणि मी हळू बोललो की मुद्दाम ‘काय?’ म्हणतो.

आणि दुसरा एक, ज्याच्याबद्दल लिहायला हात धजत नाही. अक्कलकोट रोडच्या यंत्रमागावर काम करणारे वडील. दोन सायकलमध्ये गाठ हाताला लागेनाशी झाली, मूल खेळू लागलं, देवाची कृपा झाली असं घरात ठरलं. वडिलांचा खाडा वाढला होता, मुकादमाने दम दिला होता, आणि गाठच नाही तर पोट कशाला फाडायचं, असा त्यांचा हिशेब. चार महिन्यांनी आणलं तेव्हा फुफ्फुसं भरली होती. मी त्या बापाला दोष देत नाही. त्याला मुंबईत कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. आपल्या भाषेत, घरी येऊन, चहा घेत सांगणारं कुणी नव्हतं, आणि ते काम माझं होतं. म्हणून मामा, तुम्ही ते तुमच्याकडे घ्या. गाठ दिसेनाशी होणं ही मधली पायरी आहे. ऑपरेशन आणि नंतरच्या केमोशिवाय ती परत येते.

पैशांचं म्हणाल तर रेशनकार्ड आणि मुलीचा जन्मदाखला आजच हाताशी काढा, आधार नसेल तर नोंदवून टाका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. परळला टाटाला गेलात तर पहिल्याच दिवशी समाजसेवा विभागात बसा, लाजू नका. औषधांची, राहण्याची, रेल्वे सवलतीच्या फॉर्मची वाट तिथूनच जाते. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, आणि मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, तिथे आईवडिलांना मुलासकट मोफत ठेवतात, नंबर लागायला मात्र डॉक्टरांची चिठ्ठी लागते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री बसलात तर सकाळी दादरला उतराल. सोनोग्राफीची मूळ फिल्म, एएफपीचा रिपोर्ट, जन्माचं वजन लिहिलेलं कार्ड आणि लसींचं पुस्तक एका पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी डोक्याखाली घेऊन झोपा.

या आठवड्यातच निघा. प्रीटेक्स्ट किती आला आणि छातीचा सीटी काय म्हणतो एवढं कळलं की पुन्हा लिहा, मग पुढचं बोलू.